गाडी रत्नागिरीपर्यंतच

कुडाळहून निघालेली पॅसेंजर रत्नागिरीला थांबली ती थांबलीच. आधी कुणाला काही वाटलं नाही. एकच मार्ग आहे, समोरून एखादी एक्स्प्रेस यायची असेल, म्हणून लोक चहा घेत बसले. मग शेजारच्या फलाटावर आणखी एक गाडी येऊन उभी राहिली आणि तीही हलेना. पाऊस असा होता की फलाटावरच्या पत्र्याखाली बाजूच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत होतं. शेवटी लाउडस्पीकरवर सांगितलं, पुढे रुळांवर दरड कोसळली आहे, गाडी रत्नागिरीपर्यंतच, प्रवाशांनी उतरून घ्यावं.

"म्हंजे?" आनंदीबाईंनी सुनेला विचारलं.

"म्हणजे उतरायचं, आई."

"इथं? इथं उतरून काय करू आपण?"

नम्रतानं फळीवरच्या पिशव्या खाली काढल्या. दोघी सासू-सुना कुडाळला गेल्या होत्या, नणंदेच्या बाळाच्या बारशाला. खेडला उतरून एसटीनं दापोलीमार्गे दाभोळ गाठायचं आणि दिवेलागणीच्या आत घरी पोचायचं, असा बेत होता. घरी सासरे लवू आणि चौथीतली ईशा, दोघंच. नवरा निलेश परदेशी जाणाऱ्या मालवाहू बोटीवर. शिमगा आटोपून गेला होता, यायला अजून अवकाश होता.

रिक्षा करून दोघी एसटी स्टँडवर आल्या. तिथं आणखी गर्दी. शास्त्री नदीचं पाणी संगमेश्वरच्या बाजारात शिरलं होतं, चिपळूणकडच्या सगळ्या गाड्या रद्द. समुद्राकडच्या वाटेनं जावं तर जयगडची फेरीबोट वाऱ्यामुळे बंद. चौकशीच्या खिडकीतला माणूस प्रत्येकाला एकच वाक्य सांगून कंटाळला होता.

आनंदीबाईंचं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं होतं. त्यांना साखरेचा आजार. सकाळी कुडाळला घाईत दोन घास खाल्ले होते, त्यावर काही नाही. त्यांचे हात थरथरायला लागलेले नम्रताला दिसले, तेव्हा तिला पहिल्यांदा भीती वाटली.

रत्नागिरीत त्यांचं ओळखीचं एकच घर होतं. सर्वेशचं. सर्वेश म्हणजे निलेशचा जिवाभावाचा दोस्त, दोघं एकाच बोटीवर होते. मुरुगवाड्यात त्याचं घर. तो बोटीवर असला तरी बायको अक्षया घरीच असणार. नम्रतानं आधी निलेशला मेसेज टाकला. 'गाडी बंद. रत्नागिरीत अडकलोय. आई पण आहेत. अक्षयाकडे जाऊ का?' मेसेजखालच्या दोन्ही खुणा लगेच निळ्या झाल्या. म्हणजे त्यानं वाचला. ती वाट बघत राहिली. उत्तर आलं नाही.

मग तिनं अक्षयाला फोन लावला.

"वहिनी?" अक्षयाचा आवाज विचित्रच लागला. "तुम्ही रत्नागिरीत? आत्ता?"

"हो गं. एक रात्र काढायची होती. आईंना बरं वाटत नाहीये."

पलीकडे काहीच ऐकू येईना. फोन हातानं झाकल्यासारखं वाटलं. मग अक्षया म्हणाली, "वहिनी, घर सगळं गळतंय हो. आणि पाहुणेपण आलेत. एखाद्या लॉजवर बघता का? मी नंतर फोन करते." आणि फोन बंद झाला.

नम्रता हातातल्या फोनकडे बघत राहिली. लग्नात ज्या बाईनं तिच्या हातावर मेंदी काढली होती, ती ही. भर पावसात अडकलेल्या म्हातारीला नको म्हणते?

"काय म्हणालीन?" आनंदीबाईंनी विचारलं.

"घर गळतंय म्हणाली. पाहुणे आहेत म्हणाली."

"एका घरात दोन-दोन अडचणी?" आनंदीबाई म्हणाल्या. "चल. फोनवर नको म्हणणं सोपं असतं. दारात आलेल्या माणसाला काय सांगते बघू."

रिक्षावाल्यानं सांगितलं, स्टँडजवळचे सगळे लॉज भरले, गाड्यांची माणसं सकाळपासून येतायत. नम्रताचा नाइलाज झाला. लाज बाजूला ठेवून तिनं मुरुगवाडा सांगितला.

घर समुद्राच्या अंगाला होतं. रिक्षातून उतरल्या उतरल्या गाज कानावर आदळली. पाऊस आणि समुद्र यांचा मिळून एकच आवाज येत होता. बेल वाजवल्यावर बऱ्याच वेळानं दार उघडलं आणि समोर अक्षया उभी. तिचा चेहरा बघून नम्रताच चपापली. अपमान करणारीचा चेहरा असा नसतो. ती घाबरलेली होती.

"वहिनी... काकी..." एवढंच म्हणून ती दारात उभी राहिली. आत या म्हणेना, बाजूला होईना.

आनंदीबाईंनीच तिला हातानं बाजूला केलं आणि पुढच्या खोलीतल्या लाकडी बाकावर जाऊन बसल्या. "साखर घालून चहा दे गो पोरी. आज गोड चालेल मना."

अक्षया चहा ठेवायला गेली. नम्रतानं सवयीनं छताकडे पाहिलं. कुठंही गळत नव्हतं. पाहुण्यांच्या चपलाही दारात दिसत नव्हत्या. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं.

चहा घेऊन अक्षया बाहेर आली, आणि तेवढ्यात आतल्या खोलीतून शिंक आली. एक, मग लगेच दुसरी, तिसरी. माणूस तोंड दाबून शिंका आवरायला बघत होता, पण त्या थांबत नव्हत्या.

आनंदीबाईंनी मान वर केली. "अगो बाई," त्या हसून म्हणाल्या, "आमचो निल्या असाच शिंकतो. एकदा लागल्या की थांबायचं नाव नाय. बापाचं घेतलान."

अक्षयाच्या हातातला कप कलंडला. गरम चहा तिच्या पायावर सांडला, पण तिला ते समजल्यासारखं दिसलं नाही. ती नम्रताकडे बघत होती. त्या नजरेत काय होतं ते नम्रताला कळलं नाही, पण ती उठली. कुणी तिला थांबवलं नाही. तिनं आतलं दार ढकललं.

खाटेवर निलेश बसला होता.

पहिल्या क्षणी तिला आनंद झाला, आणि तो आनंद झाल्याचं ती पुढं कितीतरी दिवस विसरू शकली नाही. हा आला! न सांगता आला! दाढी वाढलेली, गाल बसलेले, पण तोच. मग तिची नजर खाली गेली. त्यानं आखूड पँट घातली होती. उजवा पाय जमिनीवर होता. डावा गुडघ्याखाली संपत होता. टोकाला पांढरं बँडेज गुंडाळलं होतं, नीट, घट्ट, रोज कुणीतरी गुंडाळत असल्यासारखं.

तिला दिसत होतं, पण काय दिसतंय ते उमगत नव्हतं. तिची नजर खाटेखाली गेली, भिंतीकडे गेली, परत खाटेखाली गेली. दुसरा पाय ती शोधत होती. भिंतीला दोन कुबड्या टेकवलेल्या होत्या.

"तुम्ही तर बोटीवर आहात," ती म्हणाली.

निलेशनं दाराकडे पाहिलं.

"परवा तुम्ही सांगितलंत, समुद्र शांत आहे म्हणून. ईशाला उडत्या माशांचं सांगितलंत."

"नम्रता, आई बाहेर आहे ना? तिला आत येऊ देऊ नको." तो कुजबुजत होता. "तिला कुठंतरी घेऊन जा. मी सगळं सांगतो. पण आज तिला घेऊन जा."

"कुठं घेऊन जाऊ? गाडी बंद आहे."

तिचा स्वतःचा आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटत होता. खिडकीबाहेर समुद्र वाजत होता, आणि तो आवाज ओळखीचा आहे हे तिच्या ध्यानात आलं. कितीतरी वेळा फोनवर तिनं हाच आवाज ऐकला होता. 'डेकवर उभा आहे, वारा आहे, नीट ऐकू येत नाही, व्हिडिओ लागत नाही.' ती गाज बोटीवरची नव्हती. या खिडकीतली होती. दीड-दोनशे किलोमीटरही नाही, तो इथं होता, आणि ती दाभोळला देवापुढं त्याच्यासाठी दिवा लावत होती.

"कधी?" तिनं विचारलं.

"गेलो त्याच्या पुढच्याच महिन्यात." तो जमिनीकडे बघत सांगत होता. "बोट धक्क्याला लावत होतो. दोर ताणलेला होता, जाड दोर, तुझ्या दंडाएवढा. तो तुटला. मला नुसता आवाज आठवतो. मग मी आडवा होतो आणि सर्वेश ओरडत होता. तिकडच्याच इस्पितळात कापावा लागला. मग मुंबईला आणलं. सर्वेश माझ्याबरोबर आला, बोट सोडून. मुंबईहून इथं."

"आणि मला?"

"सांगणार होतो."

"मला कधी सांगणार होतास?" लग्नानंतर पहिल्यांदाच तिनं त्याला अरे-तुरे केलं, आणि दोघांच्याही ते लक्षात आलं नाही.

"आधी वाटलं, जरा बरं वाटू दे. मग वाटलं, नकली पाय बसू दे, चालत घरी जाईन, मग सांगेन. मापं घेतलीयत. पण जखम परत चिघळली पावसात. नम्रता, एकदा बोटीवर आहे म्हणून सांगितलं ना, मग दुसऱ्या दिवशी खरं सांगायला तोंडच राहिलं नाही. रोज फोन ठेवल्यावर वाटायचं उद्या सांगू."

"मघाशी माझा मेसेज आला तेव्हा तू इथंच बसला होतास? अक्षयाच्या बाजूला? तू तिला सांगितलंस आम्हाला नको म्हण म्हणून?"

त्यानं मान हलवली. हो.

नम्रताला त्याच्या तोंडात मारावीशी वाटली आणि त्याच वेळी ते बँडेज हातात घ्यावंसं वाटलं. तिनं दोन्हीतलं काहीच केलं नाही.

"नम्रते, लुगडं कुठं वाळत घालू गो?" असं म्हणत आनंदीबाई कोरडं लुगडं नेसून दारात आल्या.

अक्षया त्यांच्या मागून धावत येत होती, पण उशीर झाला होता. आनंदीबाईंनी लेकाला पाहिलं. वरून खालपर्यंत पाहिलं. हातातलं ओलं लुगडं त्यांनी हळूच खुर्चीच्या पाठीवर ठेवलं. ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत. खाटेजवळ आल्या, त्याच्या शेजारी टेकल्या आणि त्याच्या डाव्या गुडघ्यावर हात ठेवला. तो हात सावकाश खाली गेला आणि जिथं बँडेज संपत होतं तिथं थांबला.

"दुसरा कुठाय?" त्यांनी विचारलं.

"आई..."

"पाय कुठाय म्हणून विचारतंय मी."

"तिकडेच राहिला, आई. इस्पितळात."

"त्यांनी काय केलानी त्याचं? जाळलानी? पुरलानी?"

निलेशच्या चेहऱ्यावर जे आलं ते नम्रतानं कधीच पाहिलं नव्हतं. इतके महिने त्यानं सगळ्या प्रश्नांची उत्तरं तयार केली असतील. हा प्रश्न त्याला सुचला नव्हता.

"विचारलं नाय मी," तो म्हणाला.

"विचारायचं होतंस रे," आनंदीबाई म्हणाल्या. "माझ्या पोटातून आलेला होता तो. असाच टाकून आलास?"

आणि त्या बाजूला कलल्या. नम्रतानं त्यांना धरलं तेव्हा अंग घामानं थंडगार झालं होतं. सकाळपासून पोट रिकामं होतं, साखर उतरली होती. अक्षयानं धावत साखरेचं पाणी आणलं. निलेश उठायला गेला, उजव्या पायावर उभा राहिला, डावा पाय टेकवायला गेला, आणि तिथं पाय नव्हता. तो खाटेवर परत आदळला. त्यानं जे केलं ते सगळ्यांनी पाहिलं.

पाणी पोटात गेल्यावर आनंदीबाई डोळे उघडून बसल्या. डॉक्टरला बोलवू का म्हटल्यावर त्यांनी नको म्हणून हात हलवला. नंतर त्या कुणाशीच बोलल्या नाहीत. लेकाच्या खाटेच्या कडेला भिंतीला टेकून बसून राहिल्या. वाढलं ते खाल्लं, गोळी दिली ती घेतली.

सर्वेश आला तेव्हा त्याच्या हातात औषधाच्या दुकानातली पिशवी होती. दारातल्या बायकांच्या चपला बघूनच त्यानं ओळखलं असावं. तो उंबऱ्यातच थांबला. "वहिनी, दोन शिव्या घाला," तो म्हणाला. "मी काही बोलणार नाही."

नम्रतानं शिव्या घातल्या नाहीत. ती स्वयंपाकघरात गेली, तिथं अक्षया भांडी घासत होती.

"बँडेज तू बांधतेस?"

अक्षयानं हात थांबवले. "सर्वेश बांधतो. तो नसला की मी."

"माझ्या नवऱ्याची जखम तू धुतेस आणि मी तिकडे त्याला विचारते, जेवण बरं मिळतं का म्हणून."

"वहिनी, मी रोज म्हणत होते हो, कळवू या. त्यांनी ईशाची शपथ घातली होती. पोरीची शपथ मी कशी मोडू?" अक्षया रडायला लागली. "आज फोनवर तुम्हाला नको म्हटलं ना, तेव्हापासून मला काही सुचत नाहीये."

आपण हिचे पाय धरायला हवेत, हे नम्रताला कळत होतं. परक्या माणसाची चिघळलेली जखम कुणी धुतो का? पण तिला तसं वाटलं नाही. तिला वाटलं ते निराळंच होतं, आणि ते वाटल्यावर तिला स्वतःचाच धक्का बसला. तिला अक्षयाचा हेवा वाटला. ती काही न बोलता घासलेली भांडी पुसायला लागली.

संध्याकाळी ईशाचा फोन आला. आजोबांच्या फोनवरून.

"आई, तुम्ही कुठं राहिलात?"

"अक्षया काकूकडे. रत्नागिरीला. उद्या येतो."

"बाबांना सांगितलंस गाडी बंद पडली म्हणून?"

समोर निलेश बसला होता. हात लांब केला असता तर तिच्या खांद्याला लागला असता.

"सांगितलं," नम्रता म्हणाली. "पण बाबा बोटीवर आहेत ना, तिथं रेंज नीट नाही. नंतर करतील तुला फोन."

"समुद्र शांत आहे का तिकडे?"

"हो. शांत आहे."

तिनं फोन पालथा ठेवला. इतक्या सहज? जीभ अडखळली नाही, आवाज बदलला नाही. दुपारभरात ती या घरातल्या सगळ्यांसारखी झाली होती. निलेश तिच्याकडे बघत होता, आणि त्याच्या नजरेत दिलासा होता. ती आपल्या बाजूला आली, असं त्याला वाटलं असावं. तो दिलासा बघून तिला शहारा आला.

"उद्या तू आमच्याबरोबर घरी येतोस," ती म्हणाली.

"नम्रता, थोडे दिवस. पाय बसू दे. मला असं वाडीत नाही जायचं. सगळ्यांनी बघत राहायचं..."

"बघू देत."

"ईशा घाबरेल."

"मी आत्ता तिच्याशी काय बोलले ते ऐकलंस ना? मला परत तसं बोलायचं नाही. एकदासुद्धा नाही. तू येणार नसशील तर मी आत्ता तिला फोन लावते आणि सांगते, बाबा माझ्यासमोर बसलेत आणि त्यांना घरी यायचं नाहीये."

भिंतीशी बसलेल्या आनंदीबाईंनी दुपारनंतर पहिल्यांदा तोंड उघडलं. सर्वेशकडे वळून म्हणाल्या, "तुझी गाडी आहे ना रे? सकाळी काढ."

सकाळी पाऊस होता, पण वारा पडला होता. रेल्वे बंदच होती, हायवेही बंद. जयगडची फेरीबोट सुरू झाल्याचं सर्वेशला कुणीतरी फोनवर सांगितलं. आरे-वारेच्या घाटीवरून गाडी निघाली तेव्हा खाली समुद्र गढूळ लाल झाला होता. निलेश पुढच्या सीटवर बसला होता, कुबड्या मागं दोघी बायकांच्या पायांशी होत्या, आणि वळणावर त्या आनंदीबाईंच्या घोट्यावर आपटत होत्या. त्यांनी पाय काढून घेतला नाही.

जयगडच्या धक्क्यावर रांग होती. फेरीबोट आली, तिच्यावरच्या पोरानं बांधायचा दोर धक्क्यावर फेकला, आणि गाडीत बसलेल्या निलेशनं दोन्ही हातांनी डोकं झाकलं. दोर लांब होता, काच बंद होती. त्याला ते थांबवता आलं नाही. नम्रतानं मागून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याचं अंग लाकडासारखं ताठ होतं. आदल्या दिवसापासून ती त्याला पहिल्यांदा शिवत होती.

खाडीपलीकडे तवसाळला उतरल्यावर तिनं सासऱ्यांना फोन केला. तिथंच, चहाच्या टपरीमागं उभी राहून, सगळं सांगितलं. लवूंनी मध्ये एकदाही विचारलं नाही. शेवटी म्हणाले, "कुठला?"

"डावा."

"बरं," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

गुहागर मागं टाकून धोपाव्याला पोचेपर्यंत दुपार झाली. दुसरी फेरीबोट, आणि मग पलीकडे दाभोळ. धक्क्यावर लवू उभे होते. छत्री काखेत मिटलेली होती आणि ते चिंब भिजले होते. कधीपासून उभे होते कोण जाणे. निलेश कुबड्या लावून गाडीतून उतरला तेव्हा त्यांनी फक्त त्याच्या तोंडाकडे पाहिलं, खाली पाहिलंच नाही. "दाढी काय एवढी वाढवलीस?" एवढंच म्हणाले. मग सुनेच्या हातातली पिशवी घ्यायला गेले, आणि ती त्यांच्या हातातून खाली पडली.

घर वरच्या वाडीत होतं. रस्ता संपला की पाखाडी लागते, जांभ्याच्या दगडी पायऱ्या, पावसाळ्यात शेवाळानं हिरव्या झालेल्या. धडधाकट माणूसही तिथं जपून चढतो. वाडीतली माणसं जमा झाली होती. बातमी त्यांच्या आधी पोचली होती. चार-पाच जण खुर्ची घेऊन आले होते, तिला बांबू बांधलेले होते.

"बस रे निलेश, उचलतो आम्ही."

"नको," निलेश म्हणाला.

"अरे, निसरडं आहे."

"नको म्हटलं ना."

त्यानं कुबड्या नम्रताकडे दिल्या, वळला, आणि खालच्या पायरीवर बसला. मग दोन्ही हात मागच्या पायरीवर टेकून, उजव्या पायानं रेटा देऊन, त्यानं स्वतःला वर ओढलं. एक पायरी. परत हात मागं. आणखी एक. वाडीतल्या लोकांनी त्याला पोहताना पाहिलं होतं, शिमग्याच्या खेळ्यांत नाचताना पाहिलं होतं. आता तो पाठमोरा, बसत-बसत घरी चढत होता. एक बाई तोंडाला पदर लावून आत निघून गेली. बाकीचे हलले नाहीत. कुणाला कुठं बघावं ते कळत नव्हतं.

वर अंगणाच्या कडेला ईशा उभी होती. आजोबांनी तिला काय सांगितलं होतं कोण जाणे, पण एवढं सांगितलं नव्हतं. तिनं बाबांची पाठ पाहिली, मग तो पाय पाहिला, आणि ती पळत घरात गेली. दार आपटल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. निलेशनंही. तो अर्ध्या पाखाडीत थांबला. हातांना चिखल लागला होता, मान खाली घातली होती. परत खाली जातो की काय, असं नम्रताला वाटलं, आणि खरं तर त्या क्षणी तिलाही तेच हवंसं वाटलं. सगळं परत कालच्या सकाळी न्यावं. कुडाळला. बाळाच्या पाळण्याशी.

निलेशनं पुन्हा हात मागं टाकला.

"तिथं नको!"

ईशा परत अंगणाच्या कडेला आली होती. चेहरा पांढराफटक, दोन्ही हात फ्रॉकमध्ये मुरगळलेले. ती खाली येत नव्हती, पण ओरडत होती. "बाबा, तिथं शेवाळ आहे! हाताखाली! माझा पाय घसरला होता तिथं."

"कुठं?" निलेशनं मान न वळवता विचारलं.

"डाव्या हाताला. अजून इकडे घ्या. हां. तिथं."

त्यानं हात सरकवला, चाचपून पाहिलं, आणि स्वतःला वर ओढलं. ईशा पुढच्या पायरीबद्दल सांगत राहिली, आवाज कापत होता तरी सांगत राहिली.

पुढं गणपती झाल्यावर त्याला पाय बसला. नम्रता त्याच्याबरोबर रत्नागिरीला गेली, अक्षयाकडेच उतरली, आणि त्या वेळी अक्षयाचा हात हातात धरून जे बोलायचं ते बोलली. निलेशला मात्र तिनं लवकर माफ केलं नाही. फोनवर बोलताना तो कुठं बसलाय हे विचारायची सवय तिला लागली, तो शेजारच्या घरी गेला असला तरी.

पण त्या दिवशी पाखाडीवर तिला यातलं काहीच सुचत नव्हतं. दोन्ही काखांत कुबड्या धरून ती नवऱ्याच्या मागोमाग चढत होती, लेकीचा आवाज ऐकत होती. अचानक ती ओल्या पायरीवर मटकन बसली आणि रडायला लागली. मोठ्यानं, लोकांसमोर.

आनंदीबाई तिच्या मागं होत्या. त्या क्षणभर थांबल्या, मग त्यांनी सुनेच्या काखेतली एक कुबडी काढून आपल्या हातात घेतली.

"ऊठ गो," त्या म्हणाल्या. "वाट अडवलीस."